बाटली उपडी केली, पण मध हलला नाही

वाचकहो, घरात मधाची बाटली असेल तर ती जरा हातात घ्या आणि तिरपी करून पाहा. मध सुरसुर वाहिला तर तुम्ही म्हणाल, पाणी घातलेले दिसते. सावकाश, जाड धारेने उतरला तर म्हणाल, अस्सल आहे. आणि समजा, बाटली पूर्ण उपडी करूनही तो जागचा हललाच नाही, तर? तर तुम्ही काय म्हणाल हे मी ऐकलेले आहे. मीरारोडच्या एका मैदानात, बचत गटांच्या विक्रीत, दहा-बारा गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकले. तेच आज सांगायला बसलो आहे.

मी कृषी विषयातला बी.एस्सी. विस्ताराच्या कामात तीस वर्षे गेली. सध्या ठाणे जिल्ह्यात आहे आणि थोरली बहीण मीरारोडला असल्यामुळे तिकडे जाणेयेणे असते. जानेवारीचे दिवस होते. सकाळी खाडीवरून गार वारा येत होता. बहिणीला पापड घ्यायचे होते म्हणून मीही पिशवी धरून मागे निघालो. एका कोपऱ्यात जावळी खोऱ्यातली एक बाई मधाच्या चाळीसेक बाटल्या मांडून बसली होती. रंग गडद तांबूस. बाटलीवर हाताने लिहिलेली चिठ्ठी: कारवीचा मध.

एक निवृत्त गृहस्थ बाटली उपडी धरून उभे होते. बाटलीतला मध तसाच, खरवसाच्या वडीसारखा. आत बारीक बुडबुडे अडकलेले. ते मोठ्याने म्हणाले, "बाई, हे जिलेटिन आहे. मध असा थिजतो होय?" शेजारच्या दोघीतिघींनी हातातल्या बाटल्या खाली ठेवल्या. बाईचा चेहरा उतरला. म्हणाली, "दादा, म्या काय बी घातलं न्हाई बघा यात. हा असाच असतुया." पण तिचे ऐकतो कोण? दुपारपर्यंत ती अर्ध्या किमतीला द्यायला तयार झाली होती, आणि मग तर लोकांची खात्रीच पटली!

मी पुढे झालो. तिची परवानगी घेऊन एक बाटली उघडली, स्वच्छ चमचा आत घातला आणि दोन मिनिटे घोळवत राहिलो. आधी चमचा जड गेला. मग हाताला एकदम सैल वाटू लागले. बाटली तिरपी केली तर मध धार लावून वाटीत उतरला. गृहस्थ पाहतच राहिले. मी बाटली झाकून बाजूला ठेवली. जेवणानंतर परत येऊन पाहिले तर तो पुन्हा दाटत चालला होता.

यात जादू काही नाही. कारवीच्या मधाचा हा गुण मधाच्या अभ्यासकांनी पूर्वीच नोंदवून ठेवला आहे. स्कॉटलंडच्या माळांवर हेदर नावाचे झुडूप असते, न्यूझीलंडात मानुका असते. त्यांच्या मधाच्या पंगतीला आपल्या सह्याद्रीतल्या कारवीचा मध बसतो. हे मध स्वस्थ ठेवले की थिजतात, ढवळले की सैलावतात आणि पुन्हा स्वस्थ ठेवले की पुन्हा थिजतात. साखर सगळ्या मधांत असते. पण या मधांत प्रथिनांचा अंश नेहमीपेक्षा जास्त असतो. प्रथिनांचे कण एकमेकांना धरून एक नाजूक जाळे विणतात. चमचा फिरला की जाळे तुटते, थांबला की पुन्हा विणले जाते. बुडबुडे वर का येत नाहीत तेही आता कळेल. जाळ्यात अडकलेले असतात बिचारे!

मीरा-भाईंदरच्या वाचकांना कारवी परकी नाही. काशीमिऱ्याहून घोडबंदर रस्त्याने चेण्याकडे जाताना उजव्या हाताला जे डोंगर दिसतात, ती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची कड. त्या उद्यानात २०१६ साली आणि मग २०२४ साली कारवी निळी-जांभळी फुलली होती. मधली वर्षे नुसती पाने. सात-आठ वर्षांतून एकदा फुलायचे, बी धरायचे आणि वाळून जायचे, असा या झुडपाचा नेम आहे. पाड्यावरची जुनी घरे पाहिलीत तर कुडाच्या भिंतीत कारवीच्याच काठ्या, वरून शेणामातीचा लेप. म्हणजे झाड ओळखीचे आणि मध मात्र अनोळखी, अशी आपली गत. उद्यानातला मध काढायला कायद्याने मनाई आहे, तेव्हा तिकडे कोणी वाकडी वाट करू नये. विकायला येतो तो महाबळेश्वर-जावळीकडचा. त्या भागात मधपाळांची जुनी परंपरा आहे. महाबळेश्वरजवळचे मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. पुण्याला १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. जांभळाचा, हिरड्याचा मध तिकडे दर साली मिळतो. कारवीचा मात्र फुलोरा येईल तेव्हाच. सात वर्षे वाट पाहून हाती आलेला माल गिऱ्हाईक बाटली उपडी करून खोटा ठरवते, तेव्हा त्या बाईला काय वाटत असेल, सांगा.

त्या गृहस्थांनी मला एक प्रश्न विचारला आणि तो रास्त होता. म्हणाले, "ढवळल्यावर सैल झाला म्हणजे शुद्ध ठरला का?" नाही. माझ्या चमच्याने एवढेच दाखवले की न वाहणे हा भेसळीचा पुरावा नव्हे. शुद्धतेचा दाखला प्रयोगशाळाच देईल. पाण्यात थेंब टाकून पाहणे, टिपकागदावर ठेवणे, कापसाची वात भिजवून पेटवणे, हे घरगुती उपाय वर्षानुवर्षे चालत आले आहेत. ते सगळे मुख्यतः एकच गोष्ट तपासतात, की मधात पाणी किती आहे. साखरेचा दाट पाक या सगळ्या परीक्षांना मान वर करून उत्तीर्ण होतो. आणि सातेरी माशीचा खरा पण पातळ मध नापास होतो.

आता दाटपणा म्हणजे काय ते थोडे पाहू. शास्त्रात याला श्यानता म्हणतात. शब्द अवघड आहे, अर्थ सोपा आहे. पत्त्यांचा जोड टेबलावर ठेवून वरचे पान सरकवा. खालची पाने थोडी थोडी मागून येतात. द्रव पदार्थातही असेच पातळ थर एकावर एक असतात. ओतताना, ढवळताना, नळीतून जाताना हे थर एकमेकांवरून घासत सरकतात. थर जितके एकमेकांना धरून ठेवतील तितका पदार्थ दाट. थरांची ही धरपकड दोन गोष्टींनी बदलते. एक म्हणजे ऊब, आणि दुसरी थरांवर आपण दिलेला जोर, म्हणजेच आपली ढवळ. कोणता पदार्थ कशाला बधतो हे ओळखले की स्वयंपाकघरातले आणि गुऱ्हाळातले निम्मे गोंधळ मिटतात.

साखरेच्या पाकाला ढवळीचे सोयरसुतक नाही, त्याला फक्त ऊब आणि पाणी कळते. थोडे आकडे देतो, कंटाळू नका. २० अंश सेल्सियसला साध्या पाण्याचा दाटपणा १ धरा. शंभर भागांत २० भाग साखर असलेल्या पाकाचा दाटपणा होतो सुमारे २. साखर ४० भाग केली तर ६. आणि ६० भाग केली तर? एकदम ५८! म्हणजे शेवटी शेवटी जे थोडे पाणी उडते तेच पदार्थाला दाट करते. आता हाच साठ भागांचा पाक ४० अंशांवर नेला तर ५८ चे २१ होतात आणि ६० अंशांवर जेमतेम १०. मधात साखरेचा वाटा ८० भागांच्या आसपास असतो. म्हणून साध्या हवेत मध पाण्याच्या दहा हजार पटींच्या घरात दाट असतो, आणि एखादा टक्का पाणी कमी-जास्त झाले की धार बदलते. तीच बाटली जानेवारीत पहाटे आणि मे महिन्यात दुपारी उपडी करून पाहा. तुम्हाला दोन वेगळे मध वाटतील.

याच कारणाने काकवी फसवते. काहिलीतली उकळती काकवी पळीतून पाण्यासारखी पडते. नवशिक्याला वाटते, अजून पातळ आहे, आणखी आटवू. गार झाल्यावर बाटलीतून निघत नाही, पुढे तळाशी खडे धरते. कोल्हापूरकडचा गुळव्या डोळ्यांवर विसंबत नाही. तो रसाचा थेंब गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी गोळी वळून पाहतो. म्हणजे काय करतो? गरम पदार्थाचा गार झाल्यावरचा दाटपणा आधीच पाहून घेतो. शाळेत न जाता हे शास्त्र त्याने साधले आहे. उष्णतामापक वापरायचा तर काकवी साधारण १०५ ते १०६ अंशांवर उतरवावी. गुळासाठी ११८ च्या आसपास जावे लागते. जाता जाता एक सांगतो. हे आकडे सखल भागातले आहेत. महाबळेश्वरला पाणी १०० ऐवजी ९५-९६ अंशांनाच उकळते. तिथे जॅम करणाऱ्या भगिनींनी पुस्तकातला १०५ चा आकडा धरला तर जॅमची वडी होईल. म्हणून आधी तुमच्या गावी पाणी किती अंशांना उकळते ते पाहा, आणि जॅम त्याहून पाच अंश वर गेला की उतरवा.

माझी एक चूक इथे सांगून टाकतो, कारण मीरारोडच्या त्या बाईकडे मी धावलो त्यामागे ही जुनी बोच होती. वीसेक वर्षांपूर्वी डोंगरी भागात असताना एक नवरा-बायको कारवीच्या मधाचे दोन डबे घेऊन माझ्याकडे आले. बाटल्या भरायच्या होत्या आणि मध डब्यातून उतरत नव्हता. मी पुस्तकी माणूस. ऊब दिली की मध पातळ होतो एवढे मला पाठ होते. सांगितले, मंद चुलीवर ठेवा. त्यांनी ठेवला. मध थोडा सैल झाला, पण मनासारखा नाही. मी म्हटले, आणखी ठेवा. तासाभराने वर पाहावे तर मध तसाच आणि तळाशी जळका वास. दोन्ही डबे काळपट झाले. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. साहेबांनी सांगितले ते बरोबरच असेल असे धरून ते घरी गेले. तो मध विकला गेला नाही.

चूक दोन ठिकाणी झाली. पहिली, जिथे चमचा हवा होता तिथे मी जाळ दिला. हेदरचा मध काढताना परदेशातले मधपाळ पोळ्याच्या घराघरांत बारीक सुया घालून तो आधी हलवून घेतात आणि मगच पोळे यंत्रात फिरवतात. त्या डब्यात एक लाकडी दांडा घालून सावकाश ढवळले असते तर काम झाले असते. दुसरी चूक अधिक महत्त्वाची, कारण ती आपण रोज करतो. पातेल्यात पाणी तापवले तर तळचे गरम पाणी वर येते आणि वरचे गार खाली जाते. ही फेरी आपोआप चालू राहते. दाट पदार्थात थर हलतच नाहीत. तळाचा थर तळाशीच बसतो, तापतो आणि करपतो, आणि वरचा थर कोमट राहतो. पुरण, पिठले, आंबील, खवा, सॉस, सगळ्यांना सारखे का हलवावे लागते याचे कारण हे. आजी "हात थांबवू नको गं" म्हणायची ती उगाच नाही. मध उबवायचाच असेल तर बरणी कोमट पाण्यात ठेवावी, पाणी ४० ते ४५ अंश, म्हणजे हात घातला तर सोसवेल इतपत. अधूनमधून मध हलवावा. जाळाशी त्याचा थेट संबंध येऊ देऊ नये. फार तापलेल्या मधाचा रंग आणि वास तर जातोच. शिवाय त्यात साखरेपासून एक पदार्थ तयार होतो, आणि तो ठरावीक मर्यादेपलीकडे असेल तर तपासणीत मध बाद होतो. थंडीत नेहमीच्या मधाची साखर बसून तो रवाळ झाला, तर त्यालाही हेच कोमट पाणी. रवा धरणे हीसुद्धा भेसळ नव्हे.

सगळेच पदार्थ उबेने पातळ होतात असे मात्र समजू नका. नाचणीची आंबील पाहा. पीठ गार पाण्यात कालवले तर पाण्यासारखे वाहते. तापवले की काही वेळ काहीच होत नाही, आणि मग पाऊणशेच्या आसपास अंश गेले की एकाएकी पळी जड होते. पिठातले पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि एकमेकांना खेटतात. भाताच्या पेजेचे, उकडीचे तेच. अशा पदार्थाला फार वेळ जोरजोरात घोटले तर फुगलेले कण फुटतात आणि आंबील पुन्हा सैल पडते. गार झाली की परत घट्ट. खरवसाची तऱ्हा आणखी निराळी. चीक तापल्यावर घट्ट झाला तो झाला. मग गार करा, गरम करा, मागे फिरत नाही.

आणि दही? विरजण लागलेले दही म्हणजेही प्रथिनांचे जाळेच. पण कारवीच्या मधासारखे ते समजूतदार नाही. एकदा रवी फिरली की मोडलेले जाळे पुरते जुळत नाही. म्हणून कवडीचे दही विकायचे असेल त्यांनी ज्या भांड्यात विकायचे त्यातच विरजावे. मोठ्या पातेल्यात लावून मग डावाने डबे भरू नयेत. डावाखाली दही मोडते, पाणी सुटते आणि गिऱ्हाईक म्हणते, दूध पातळ होते. दुधाचा काही दोष नसतो.

आता टोमॅटो सॉस. मीरा-भाईंदर, वसई, ठाणे या पट्ट्यात बचत गटाच्या भगिनी सॉस करतात आणि त्यांची नेहमीची तक्रार अशी: एका घाण्याचा सॉस दाट होतो, दुसऱ्याचा पातळ, टोमॅटो तर एकाच बाजारचे. याचे उत्तर पुष्कळदा विळीपाशी सापडते. टोमॅटो चिरला किंवा वाटला की त्यातली पाचक द्रव्ये मोकळी होतात आणि सॉसला दाटपणा देणारे पेक्टिन कुरतडू लागतात. रात्री चिरून ठेवलेला टोमॅटो सकाळपर्यंत आपला दाटपणा खाऊन बसलेला असतो. तेव्हा चिरल्याबरोबर पातेल्यात टाका आणि लवकर ८५-९० अंशांच्या वर न्या. तेवढ्या उष्णतेने ती द्रव्ये निकामी होतात. एवढे सांभाळले तर आटवायला वेळ कमी, गॅस कमी आणि सॉसही लाल राहतो.

सॉसची दुसरी गंमत सगळ्यांनी अनुभवली असेल. बाटली उलटी केली तर येत नाही, थोपटली तर भसकन ताटभर. सॉसला हलायला आधी एक धक्का लागतो, आणि एकदा हलला की जितका जोर तितका तो सैल. आमरसाचे थोडेफार असेच. म्हणून भरताना नरसाळ्यातून पळाला म्हणून तो पातळ आहे असे ठरवू नका. तो गरम आहे आणि हलता आहे. दोन्ही कारणे त्याला सैल करीत आहेत. फडताळात गार, स्वस्थ बसल्यावर तो कसा असेल ते पाहायला हवे.

ते पाहायचे कसे? मोठ्या कारखान्यात यासाठी एक साधी पन्हळ असते. एका टोकाला दार, तळावर सेंटिमीटरच्या खुणा. दारामागे सॉस भरायचा, दार झटकन उघडायचे आणि ३० सेकंदांत तो किती पुढे सरकला ते वाचायचे. अमेरिकेत टोमॅटो केचपबद्दल नियमच आहे की २० अंश उष्णतामानाला ३० सेकंदांत तो १४ सेंटिमीटरच्या पुढे जाता कामा नये. त्या नियमात लांबी आणि वेळ यांच्याबरोबर उष्णतामान लिहिले आहे, हे ध्यानात घ्या. ते नसेल तर बाकीचे दोन आकडे वाऱ्यावर.

ही पन्हळ घरी करता येते. एक सपाट स्टीलचे ताट घ्या. एका कडेखाली काड्यापेटी आडवी ठेवून उतार द्या. दर वेळी तीच काड्यापेटी, तीच बाजू. वरच्या कडेजवळ एक सपाट चमचाभर सॉस, काकवी किंवा सरबताचा पाक ठेवा आणि घड्याळात अर्धा मिनिट मोजा. ओघळ किती बोटे गेला ते वहीत लिहा. मात्र नमुना आधी वाटीत घेऊन ती वाटी साध्या पाण्यात बुडेल इतकी ठेवा आणि पुरता गार होऊ द्या. थंडीच्या आणि उन्हाळ्याच्या पाण्यात फरक असतो, तेव्हा उष्णतामापकाने पाण्याचा अंशही शेजारी लिहा. सॉस असेल तर ठेवण्याआधी सारख्याच फेऱ्या ढवळा, समजा दहा. गिऱ्हाइकाला आवडलेल्या घाण्याचा आकडा एकदा सापडला की पुढचा प्रत्येक घाणा त्याच्याशी ताडून पाहता येतो. भट्टीवरून पातेले उतरवण्याआधी गार बशीवर थेंब टाकून पाहण्यापेक्षा यात वेळ जातो हे खरे. पण दहा किलो सॉस बाटल्यांत भरल्यावर पातळ निघाला तर तो परत ओतून आटवण्यात किती जातो?

समुद्राकाठच्या वाचकांसाठी मधाबद्दल आणखी थोडे. उत्तन, राई, मुर्धा, भाईंदर, सगळीकडे खाडीची आणि मिठागरांची दमट हवा. मध हवेतले पाणी ओढून घेतो. झाकण सैल राहिलेली बरणी पावसाळाभर तशीच ठेवली तर वरचा थर पातळ होतो आणि आंबतो. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या मानकानुसार मधात पाणी सर्वसाधारणपणे २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. घट्ट फिरकीचे झाकण, काचेची बाटली, आणि ओला चमचा कधीही आत नाही. फ्रिजमध्ये ठेवू नका. तिथे नेहमीचा मध लवकर रवाळ होतो आणि तुम्ही पुन्हा त्या बिचाऱ्या विक्रेत्यावर संशय घ्याल.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी त्या बाईजवळच बसून राहिलो. बहीण पापड घेऊन कधीच घरी गेली होती, फोनवर रागावली देखील. गृहस्थांनी एक बाटली घेतली, पूर्ण किमतीला. जाताना म्हणाले, "प्रयोगशाळेत दाखवणार आहे हं मी." बाई म्हणाली, "दाखवा की दादा, आन् मला बी सांगा." मी तिला सुचवले, "ताई, नुसते कारवीचा मध असे लिहू नका. खाली लिहा, हा मध थिजतो, वापरण्यापूर्वी चमच्याने ढवळावा. आणि फुलोऱ्याचे वर्ष घाला." तिला लिहिण्याचा कंटाळा. शेजारच्या लोणच्याच्या दुकानातल्या मुलीने तिच्यासाठी वीस-पंचवीस चिठ्ठ्या लिहून दिल्या, सुवाच्य अक्षरात. बाईने त्यातली एक मला वाचायला लावली, ऐकून घेतली आणि म्हणाली, "सायेब, आजून एक लिवा की तिला सांगून. चुलीवर ठिवू नका म्हनावं."

मी त्या मुलीकडे पेन मागितले आणि ती ओळ मीच लिहिली.